मेजर कोणता ते नंतर, आधी सही कुणाची ते पाहा

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि पैसा

प्रश्न : ताई, आम्ही ओहायोत राहतो. दोघेही नोकरी करतो, ग्रीन कार्ड मिळूनही बरीच वर्षं झाली. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला स्पीच थेरपिस्ट व्हायचंय. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक पेनसिल्व्हेनियातलं खासगी कॉलेज. राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८४,००० डॉलर, त्यात ५२,००० ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत. दुसरं आमच्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ, घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवर. तिथला खर्च २९,०००, स्कॉलरशिप ५,०००. आम्ही खिशातून वर्षाला साडेदहा हजार देऊ शकतो, बाकीचं लोन. ह्यांचं म्हणणं, एवढं कर्ज डोक्यावर घ्यायचं तर कम्प्युटर सायन्स तरी घे. मुलीला खासगी कॉलेज हवंय आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषयही, तिच्याच मनासारखा. रोज जेवताना तोच वाद. मी ५० वर्षांची, हे ५३. १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय. कर्जाच्या मानाने कोणता मेजर परवडेल, ते सांगाल का?

उत्तर : तुमच्या पत्रात मेजरबद्दल सगळं आहे, पण कर्ज कुणाच्या नावावर चढणार हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या मुलीला स्वतःच्या सहीने सरकारकडून पहिल्या वर्षी फक्त ५,५०० डॉलर मिळतील. दुसऱ्या वर्षी ६,५००, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी ७,५००. चार वर्षांचे झाले २७,०००. मेजर स्पीचचा असो, कम्प्युटरचा असो की इतिहासाचा, आकडा हाच. म्हणजे मेजरमुळे बुडण्याइतकं कर्ज सरकार तिला मुळात देतच नाही. त्यापुढचं जे कर्ज आहे ते पेरेंट प्लस, म्हणजे सरकार पालकांना देतं ते. त्यावर सही तुमची, ते फेडायचं तुम्ही आणि पुढे ते मुलीच्या नावावर करता येत नाही. तिला कितीही चांगली नोकरी लागली तरी कागदावर देणेकरी तुम्हीच राहता.

एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी बरीच वर्षं काउंटरवर बसले. एप्रिल आला की पालक कॉलेजचं अवॉर्ड लेटर घेऊन यायचे, ते काउंटरवर पसरायचे आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "इथे तर शून्य लिहिलंय!" शून्य यायचं, कारण वरच्या यादीत ग्रँट, स्कॉलरशिप, मुलाचं लोन आणि पालकांचं लोन असं सगळं 'एड' म्हणून एकाखाली एक मांडून बेरीज केलेली असायची. मी पेन घेऊन लोनच्या ओळींवर काट मारायचे आणि बेरीज पुन्हा करायचे. काउंटरच्या पलीकडचे चेहरे तेवढ्यात बदलायचे. हे एखाददुसऱ्या कॉलेजपुरतं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२च्या अहवालात म्हटलंय की, सुमारे ९१ टक्के कॉलेजं अशा पत्रात खरा निव्वळ खर्च एक तर सांगतच नाहीत, नाही तर कमी दाखवतात. तेव्हा आज रात्री दोन्ही पत्रं काढा आणि लोनच्या ओळी खोडा.

आता तुमचे आकडे. खासगी कॉलेजात ग्रँट वजा जाता ३२,००० उरतात. त्यातून मुलीचे ५,५०० आणि तुमचे १०,५०० काढले की पहिल्या वर्षी १६,०००ची तूट. बहुतेक घरांत इथे चारने गुणतात आणि थांबतात. पण ग्रँट सहसा ठरलेल्या आकड्याची असते आणि खर्च दर वर्षी वाढतो. वाढ तीनच टक्के धरा, तीही पूर्ण ८४,०००वर. मग दुसऱ्या वर्षी तूट साडेसतरा हजारांवर, तिसऱ्या वर्षी एकोणीस हजारांच्या पुढे आणि चौथ्या वर्षी पावणेबावीस हजारांवर जाते. चार वर्षांची बेरीज ७४,०००च्या वर.

आणि इथे नवा कायदा आडवा येतो. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्यामुळे १ जुलै २०२६पासून पेरेंट प्लसला मर्यादा आल्यात. एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि सगळं मिळून ६५,०००. पूर्वी इतर मदत वजा जाता कॉलेजचा जेवढा खर्च उरेल, तेवढं काढता यायचं. तुमच्या हिशेबात चौथ्या वर्षी सुमारे साडेनऊ हजार कमी पडतील, तेही पदवी हाताशी आलेली असताना. त्या वेळी दार उघडं असतं ते खासगी कर्जाचं, आणि तिथेही सही तुमचीच मागतात.

समजा ६५,०००च काढले. २०२५-२६ साठी पेरेंट प्लसचा दर ८.९४ टक्के आहे. येत्या वर्षाचा दर मे महिन्यातल्या सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरेल, म्हणून मी हाच धरते. शिवाय पैसे हातात पडण्याआधी चार टक्क्यांहून जास्त फी कापली जाते. नव्या नियमांत पन्नास ते शंभर हजारांच्या कर्जाला वीस वर्षांची मुदत आहे. हप्ता महिन्याला ५८० डॉलरच्या वर येतो. वीस वर्षांत १,३९,०००पेक्षा जास्त फेडाल. मुलगी शिकत असताना हप्ते थांबवता येतात, पण व्याज थांबत नाही, ते वर चढत राहतं. उत्पन्न कमी झालं तर हप्ता कमी करून घेण्याची सोय नव्या पेरेंट प्लसला उरलेली नाही. मुलगी पदवीधर होईल तेव्हा हे ५७चे असतील. त्यात वीस मिळवा. ताई म्हणून विचारते, सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत हा हप्ता कशातून द्यायचा?

आता सरकारी विद्यापीठ. स्कॉलरशिप वजा जाता २४,००० उरतात आणि पहिल्या वर्षाची तूट ८,०००. तीन टक्के वाढ धरूनही चार वर्षांची तूट बत्तीस हजारांच्या आसपास राहते. चाळीस मिनिटांचं अंतर आहे. पहिली दोन वर्षं तिला वसतिगृहात राहू द्या. नवी माणसं भेटू देत, तो तिचा हक्क आहे. शेवटची दोन वर्षं घरून ये-जा केली तर राहण्या-जेवणाचे पैसे वाचून उरलेली तूट जवळजवळ भरून निघेल. तुमचं कर्ज सोळा-सतरा हजारांवर येईल.

तरीही खासगी कॉलेजचं नाव मोठं आहे असं मुलगी म्हणेल. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही कमी नावाच्या कॉलेजात गेलेल्या मुलांची कमाई पुढे सरासरी तेवढीच होती. फरक पडला तो गरीब घरांतल्या मुलांना. दोन पगारांच्या तुमच्या घराला नावासाठी लाखाच्या वर मोजायचं कारण मला दिसत नाही.

आता मेजर. ह्यांना सांगा, कम्प्युटर सायन्सचा पगार चांगला आहे हे खरंच आहे. पण न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँक मेजरनुसार आकडे देते, त्यात २०२३च्या माहितीवर नव्या पदवीधरांमधली बेकारी कम्प्युटर सायन्समध्ये ६.१ टक्के आणि कम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ७.५ टक्के होती. कला-इतिहासाचा आकडा ३च्या जवळ होता. म्हणून कला-इतिहास घ्या असं मी म्हणत नाही. नोकरी मिळालेल्यांचा पगार कम्प्युटरवाल्यांचाच कितीतरी जास्त आहे आणि पदवी न लागणाऱ्या नोकऱ्या करणारेही त्यांच्यात कमी. पण 'कम्प्युटर घेतलं की कर्ज आपोआप फिटतं' हे गृहीत धरून पालकांनी सही करावी अशी आज परिस्थिती नाही. आणि ज्या मुलीचं मन तिथे नाही, ती त्या मेजरच्या मधल्या पगारापर्यंत पोचेल याची हमी कोण देणार?

स्पीचचं गणित वेगळं आहे आणि तुमच्या पत्रात त्यातली एक मोठी गोष्ट राहून गेलीय. नुसत्या बॅचलर्सवर स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. मास्टर्स लागतं, मग लायसन्स. शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या साइटवर कॉलेज निवडून विषय निवडला की त्या विभागातून पदवी घेतलेल्यांची मधली कमाई आणि मधलं कर्ज दिसतं. हे आकडे सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे आणि करखात्याच्या नोंदींवरचे असतात, कॉलेजच्या माहितीपुस्तकातले नव्हेत. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे शिकायला गेलेली मुलं त्या कमाईत मोजत नाहीत, म्हणून स्पीचच्या बॅचलर्सचा आकडा बघून धसका घेऊ नका. आणि तिथे कर्ज म्हणून जो आकडा ठळक दिसतो तो मुलांचा. पालकांचं कर्ज त्यात नसतं. तुमच्यासारख्यांचा ६५,०००चा बोजा त्या आकड्यात दिसणार नाही.

मास्टर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५००पर्यंत. पूर्वी त्याहून जास्त लागलं तर ग्रॅड प्लस हे जादा सरकारी कर्ज होतं, ते नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६पासून बंद होतंय. दोन वर्षांचे ४१,००० आणि आधीचे २७,००० मिळून तिच्या डोक्यावर ६८,०००. श्रमखात्याच्या २०२४च्या आकड्यांत स्पीच पॅथॉलॉजिस्टचा मधला पगार वर्षाला ९०,०००च्या वर आहे, पण सुरुवातीचा, विशेषतः शाळेतला, त्याहून बराच कमी असतो. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आत असावं, असा आमच्या कामातला जुना ठोकताळा आहे. तिचं कर्ज त्या रेषेवर येतं, ओलांडून फार पुढे जात नाही. सरकारी शाळेत नोकरी केली तर उत्पन्नावर आधारित १२० हप्ते भरल्यावर उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची सोय आहे. पण चार वर्षांत तुम्ही थकलात तर मास्टर्सच्या वेळी तिला मदत करायला हातात काही उरणार नाही, आणि तिच्या बाबतीत खरी गरज तेव्हाच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरकारी विद्यापीठ, मेजर तिच्या आवडीचा. डिपॉझिट भरण्याआधी खासगी कॉलेजला एक पत्र जरूर लिहा. दुसरीकडचा आकडा जोडून ग्रँट वाढवून मागायला हरकत नसते आणि कधी कधी वाढवूनही मिळते. मात्र चारही वर्षांची तूट मिळून वीस-पंचवीस हजारांच्या आत आली नाही, तर तिकडे जाऊ नका. हा निर्णय मुलीला सांगताना कॉलेज चांगलं नाही असं सांगू नका. आकड्यांचा कागद तिच्यापुढे ठेवा. अठरा वर्षांच्या मुलीला हे गणित कळतं. माझ्या काउंटरवर पालकांआधी मुलांनाच ते कळलेलं मी कितीदा पाहिलंय.


प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. मुलगा इथेच जन्मला म्हणून नागरिक आहे. त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही नागरिक नाही म्हणून त्याला फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येणार नाही, असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. खासगी बँक को-सायनर, म्हणजे कर्जाची हमी घेऊन सोबत सही करणारा, मागते. माझा मामेभाऊ नागरिक आहे, तो तयार आहे. घ्यावं का?

उत्तर : ओळखीच्यांचं म्हणणं चुकीचं आहे आणि त्यापायी दर वर्षी कितीतरी मुलं हक्काचे पैसे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. फाफ्सासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मुलाचं बघतात, आईवडिलांचं नाही. आजच भरा. त्याचं स्वतःचं ५,५००चं लोन त्याला मिळेल.

पेरेंट प्लस मात्र तुम्हाला घेता येणार नाही, त्यासाठी कर्ज घेणारा पालकही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. पण इथेच एक गोष्ट आहे जी फार कमी जण विचारतात. पालकांना प्लस घेताच येत नाही अशी परिस्थिती असेल तर एड ऑफिस स्वतःच्या अधिकारात मुलाच्या नावे जादा अनसबसिडाइज्ड लोन (ज्यावर शिकतानाही व्याज चढतं) मंजूर करू शकतं. पहिली दोन वर्षं ४,००० आणि पुढे ५,०००. मिळेलच असं नाही, निर्णय त्यांचा. व्हिसाची कागदपत्रं जोडून लेखी अर्ज करा आणि फोनवर 'नाही' ऐकून गप्प बसू नका, काउंटरवरच्या नव्या माणसाला हा नियम ठाऊक नसतो असं होतं. चारही वर्षं मंजूर झालं तर त्याचं एकूण कर्ज ४५,००० होईल. मेकॅनिकलच्या सुरुवातीच्या पगाराच्या ते आत बसतं, शिवाय दर कायम आणि सगळं सरकारी.

मामेभावाबद्दल. को-साइन म्हणजे शिफारसपत्र नव्हे. ते पूर्ण कर्ज त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसेल. उद्या तो घर घ्यायला गेला तर बँक तुमच्या मुलाचा हप्ता त्याच्या खात्यात धरेल. एक हप्ता चुकला तरी डाग त्यालाही लागतो. नात्यात असली सही मागताना हे त्याला सांगितलंत का? त्याच्या बायकोला माहीत आहे का? आधी हे बोला.

आणखी एक, तुमच्या घरापुरतं. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात साठ दिवस असतात. म्हणून 'दर वर्षी पगारातून भरू' या भरवशावर चार वर्षांची योजना आखू नका. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठात बदली, हा रस्ता इंजिनिअरिंगमध्ये चालतो, मात्र कॅल्क्युलस आणि फिजिक्सचे कोणते कोर्स पुढच्या विद्यापीठात धरले जातील ते आधी लेखी घ्या.


प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे, कम्प्युटर सायन्स. दोन सेमिस्टर झाली सी आणि डी मिळतायत, एक कोर्स सोडावा लागला. मला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला जायचंय, मागच्या उन्हाळ्यात साइटवर काम केलं ते खूप आवडलं. पण एक वर्ष वाढेल. लोन १२,००० झालंय. बाबा म्हणतात, एवढं घातलंय तर आता रेटून ने. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझं काही चुकत नाही. बाबा ज्या पगाराचा विचार करतायत तो कम्प्युटर सायन्स पूर्ण केलेल्यांचा आहे. डी मिळत असताना रेटत राहिलास आणि मधेच सुटलं तर तो आकडा तुझ्यासाठी नसतो. कर्ज मात्र असतं. अर्ध्याहून कमी कोर्सवर आलास की सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. या देशात कर्ज सर्वांत जास्त थकतं ते मोठं कर्ज घेतलेल्या डॉक्टर-वकिलांचं नाही, थोडंसं कर्ज घेऊन पदवी अर्धवट सोडलेल्यांचं.

पण पाचव्या वर्षाचा हिशेब आत्ताच कर. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत सरकारी लोनची एकूण मर्यादा ३१,००० आहे. चार वर्षांचे २७,००० घेतलेस तर पाचव्या वर्षी फक्त ४,००० उरतात. म्हणून ते वर्ष शक्य तितकं छोटं करायचं. ॲडव्हायजरकडून नव्या मेजरचं डिग्री ऑडिट, म्हणजे कोणते कोर्स धरले जातील आणि कोणते उरले त्याची यादी, काढून घे. गणित, फिजिक्स, लेखनाचे कोर्स बहुधा धरले जातील. राहिलेले काही उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात कर, पण फी भरण्याआधी आपल्या विद्यापीठाची मंजुरी घे. आणि १ जुलै २०२६पासून पूर्णवेळाहून कमी क्रेडिट घेतले तर वर्षाचं लोनही त्या प्रमाणात कापलं जाणार आहे, तेव्हा कोर्स सोडण्याआधी एड ऑफिसला एकदा विचारत जा.

साइटवरच्या ज्या सुपरवायझरकडे काम केलंस, त्यांना या उन्हाळ्यासाठी आत्ताच ईमेल कर. पगारी काम मिळालं तर पाचव्या वर्षाची तूट तिथून भरता येईल. ॲडव्हायजरची वेळ रजिस्ट्रेशन उघडण्याच्या आधीची घे आणि बाबांना त्या भेटीला बरोबर ने.